कोऱ्या कानाची कालवड

डॉक्टर केन्यींनी माझ्या हातातली पिचकारी काढून घेतली, त्या दिवशी मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय.

सात वर्षांपूर्वी तीच पिचकारी त्यांनीच माझ्या हातात दिली होती. चिंचेखाली आम्ही अकरा गुराखी बसलो होतो, एकालाही अक्षर येत नव्हतं. डॉक्टर लांबच्या जुबा शहराकडचे. आमची दिंका बोली बोलताना ओढ्यातल्या दगडादगडावर पाय ठेवत यावं तसे शब्द शोधत यायचे. त्यांनी शिकवलं, कुपीत बुळकांडीवरच्या, म्हणजे गुरांच्या महामारीवरच्या, लसीची कोरडी वडी असते. तिच्यात मिठाचं पाणी घालायचं. एकदा पाणी घातलं की ऊन चढायच्या आत संपवायची. आणि टोचून झालं की चिमट्यानं जनावराच्या कानाला तीन पाकळ्यांचा काप द्यायचा, म्हणजे पुढच्या फेरीला लांबूनच कळतं, याचं झालंय.

"एकही सुटता कामा नये," ते म्हणायचे. "एक सुटलं, की बुळकांडी त्याच्या पाठीवर बसून परत येईल."

मी एकही सोडलं नाही. नाईलच्या पाणथळीत कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर पेटी घेऊन गेलो. ज्यांच्याशी आमचं आजोबांपासूनचं वैर, त्यांच्या गुरांच्या तळावरही गेलो. त्यांनी बंदुका गवतात ठेवल्या, गुरं धरून दिली, मला दूध पाजलं, आणि निघताना हसत हसत सांगितलं, "आता जा. पेटी नसताना भेटलास तर मारू."

मग एका कोरड्या ऋतूत केन्यी आले आणि म्हणाले, "माथियांग, टोचणं बंद. पिचकारी आणि सगळ्या कुप्या परत द्या."

"रोग संपला?"

"बहुतेक संपला."

"बहुतेक म्हणजे?"

"तेच तर बघायचंय. म्हणून बंद करायचं."

मला आधी वाटलं, त्यांना आमच्या भाषेतला शब्द सापडत नाहीय. मी म्हटलं, "म्हणजे काट्यांचं कुंपण काढून टाकायचं, आणि बसून बघायचं, तरस येतो का?"

केन्यींनी घाम पुसला. "हो," ते म्हणाले. "अगदी तसंच."

मग त्यांनी समजावलं, दोनदा, तीनदा. रक्ताला आठवण असते. ज्या जनावराला बुळकांडी होऊन गेली, त्याच्या रक्तात तिची आठवण राहते. पण लसीनंही तीच आठवण राहते. दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या. आपण टोचत राहिलो, तर कुठली आठवण रोगाची आणि कुठली सुईची, हे कुणालाच कळणार नाही. म्हणून यापुढं जन्मणाऱ्या वासरांचं रक्त कोरं राहू द्यायचं. तीन वर्षांनी येऊन ते तपासायचं. सगळ्यांचं कोरं निघालं, तर जगाला सांगता येईल की इथं बुळकांडी उरली नाही.

"आणि एकात जरी आठवण सापडली?"

"तर तिथून पुढं पुन्हा तीन वर्षं. तुमच्या एका तळाची नाही, साऱ्या मुलखाची."

मी मान हलवली. कळलं म्हणून नव्हे, ते थकलेले दिसत होते म्हणून.

कुप्या परत दिल्या. एक सोडून सगळ्या. ती मी चोरली, असं म्हणायला जीभ वळत नाही. हात पेटीत गेला, मूठ मिटली, आणि मूठ बाहेर आली ती मिटलेलीच. घरी येऊन पाण्याच्या माठाखालच्या ओल्या मातीत मी ती पुरली.

बायको दारातून बघत होती. अलुएल तिचं नाव. ती एवढंच म्हणाली, "आमेरच्या बा, सात वर्षं गुरांमागं सुई घेऊन धावलात. आता घरी बसून काय, मला टोचणार?"

मी का ठेवली, ते तिला माहीत होतं. तिनं आणि मी एकाच वर्षी ते पाहिलंय. मी तेव्हा वासराच्या पाठीएवढा होतो. आधी गुरांचे डोळे वाहू लागले, जणू काही त्यांना आधीच कळलं होतं. मग तोंडात फोड, मग शेण पाण्यासारखं, मग पाच दिवस, मग काही नाही. आमच्या तळावर शिंगांचं रान होतं, ते आठ दिवसांत निजलं. बगळ्यांना बसायला पाठी उरल्या नाहीत, ते गवतात उभे राहून एकमेकांकडं बघायचे. माझ्या वडिलांचं नाव त्यांच्या बैलाच्या रंगावरून होतं. आमच्यात पुरुषाचं तसंच असतं. बैल गेला, नाव तेवढं राहिलं. त्यांना कुणी हाक मारली की ते आधी दावणीकडं बघायचे आणि मग वळून 'ओ' द्यायचे.

हे ज्यानं पाहिलं, त्याला कुंपण काढा म्हणायचं.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तरस आला नाही. आलं ते वेगळंच.

माझा भाचा मान्यिएल. अंगाला राख फासून, बैलाच्या शिंगांना गोंडे बांधून, तळावरच्या पोरींसमोरून उगाच चार वेळा जाणारा गडी. त्याच्या पिढीनं डोळे उघडले तेव्हापासून चांगल्या जनावराच्या कानाला तीन पाकळ्या बघितल्या होत्या. बिनकापाचं जनावर म्हणजे कुणाचं तरी चुकलेलं, नाहीतर कुणी न विचारलेलं. टोचणं बंद झालं आणि कोऱ्या कानांची वासरं जन्माला येऊ लागली, तेव्हा या पोरांना ती नागडी वाटली. मान्यिएलनं भाल्याचं टोक विस्तवात तापवलं आणि आपल्या गोऱ्ह्याच्या कानाला तीन पाकळ्या कोरल्या. वर गाणंही केलं :

*कान तुझा फाटला नाही राजा, कानात फूल उमललं,*
*मरण आलं हुंगत हुंगत, फुलाला बघून फिरलं.*
*माझ्या पिवळ्याच्या कानामधून आभाळ दिसतंय थोडं,*
*तेवढ्या आभाळाखाली बाई, बांध तू तुझं घोडं.*

घोडं आमच्याकडं कुणाकडंच नाही. कुणा सुदानी शिपायाचं त्यानं कधी पाहिलं असेल. पण पोरींना गाणं आवडलं, आणि एका पावसाळ्यात तळावरच्या जवळजवळ सगळ्या वासरांच्या कानांत फुलं उमलली. म्हाताऱ्या बायाही म्हणू लागल्या, कापू द्या, रोग कान बघूनच ओळखतो.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. एकदा गेलोही मान्यिएलकडं.

"भाच्या, अरे त्या कापात काही नसतं. काप ही नुसती खूण आहे."

"मग मामा, खूण केली तर बिघडलं काय?"

मी तसाच परत फिरलो. खरं सांगायचं, तर बरंही वाटलं. माझ्या चिमट्याची खूण लोकांनी गाण्यात घेतली होती. आणि कुठंतरी आत असंही आलं, कुणी सांगावं, उपयोग होतही असेल.

एकटी आमेर ऐकेना. माझी मुलगी. तिच्या काळ्या अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या कालवडीचं नाव अकुए. त्या रंगाला आम्ही अकुएच म्हणतो. मान्यिएल भाला घेऊन आला, तेव्हा आमेर म्हणाली, "आधी तुझा कान काप. नाही दुखला, तर हिचा."

अकुएचं एक गुपित होतं. आमेरला आणि मला ठाऊक असलेलं.

टोचणं बंद झालं त्याच वर्षीची ही गोष्ट, पहिल्या पावसाची. अकुए तेव्हा दोन महिन्यांची. तिची आई व्यायल्यावर आठ दिवसांत गेली होती. आमेरनं तिला दुसऱ्या गायींचं दूध काढून, बोटं चोखायला देऊन वाढवलं. एका सकाळी आमेर धावत आली. "बा, अकुएचे डोळे गळतायत."

मी जाऊन पाहिलं. डोळे वाहत होते. नाकही. ती मान खाली घालून उभी होती.

आजारी जनावराला टोचून काही होत नाही, हे मी पाणथळीतल्या शंभर गुराख्यांना सांगितलंय. लस निरोग्याला द्यायची असते, रोगी व्हायच्या आधी. आणि हा धुराचा त्रास असेल, गवताच्या काडीचा असेल, हेही मला सुचत होतं. पण माणूस एकाच वेळी वासराएवढाही असतो आणि बापाएवढाही. मी माठ बाजूला केला, माती उकरली, कुपी काढली. अलुएलच्या पेटीत केन्यींच्या नजरेतून सुटलेली एक जुनी पिचकारी होती, सुईसकट. आमेरनं अकुएचं डोकं पोटाशी धरलं, आणि मी कुपीत मिठाचं पाणी घालून टोचलं.

दोन दिवसांत डोळे कोरडे झाले. मी बरं केलं, की ते आपोआप झालं? रोग होता, की धूर होता? आणि माठाखाली अडीच महिने पडलेल्या कुपीत लस जिवंत होती, की मी नुसतं पाणी टोचलं? काहीच कळायला मार्ग नव्हता. कुपी मी नदीत फेकली. अकुएच्या कानाला काप दिला नाही. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

तर असा सगळा घोळ. ज्यांना टोचलं नव्हतं, त्यांच्या कानांत फुलं. जिला टोचलं, तिचा कान कोरा.

आणि तीन वर्षं पुरी झाली तेव्हा केन्यी आले. बरोबर दोन मदतनीस, एक लाकडी पेटी, पेटीत काचेच्या नळ्या. आता ते आमची भाषा बरी बोलत होते, आणि केस पांढरे झाले होते. मला मिठी मारली. म्हणाले, "माथियांग, हीच ती वेळ. तुमच्या तळापासून सुरुवात करतोय, कारण तुमच्यावर माझा भरवसा आहे."

वासरं धरून आणली. केन्यींनी पहिल्याचा कान उचलला. मग दुसऱ्याचा. तिसऱ्याचा. सातव्या कानापाशी ते थांबले आणि कान हातातून न सोडताच माझ्याकडं वळले.

"हे काय आहे?"

मी वासराच्या डोळ्यावरची माशी हाकलली.

"ही वासरं दोन वर्षांची पण नाहीत. टोचणं बंद करा म्हणून सांगून तीन वर्षं झाली. तुम्ही कुणाकडून लस आणली? कधीपासून देताय?"

"मी नाही दिली."

"मग हे काप काय आभाळातून पडले?"

तळ गोळा झाला. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मान्यिएल आपल्या पायाच्या अंगठ्याकडं. खरं काय ते मला माहीत होतं. पण ते सांगायला लागलो तर कुठं थांबायचं, ते माहीत नव्हतं.

लुएथबाबा पुढं आला. आमच्या कुळाचा पवित्र भाला त्याच्याकडं असतो. तो म्हणाला, "यात एवढं काय आहे? माथियांग पातं चाटून सांगेल."

भाल्याचं पातं जिभेला लावून जो खोटं बोलतो, तो पुढचा पाऊस बघत नाही. हे पोरासोरांनाही ठाऊक. लुएथबाबानं भाला आडवा धरला. लोखंड उन्हानं तापलं होतं. मी जीभ लावली आणि म्हणालो, "कानाला काप असलेल्या या वासरांपैकी एकालाही मी टोचलेलं नाही."

शब्दन् शब्द खरा होता. लोकांनी सुस्कारा सोडला. लुएथबाबानं मान डोलावली. फक्त आमेरनं चटकन वर पाहिलं.

"मग कापलं कुणी?" केन्यींनी विचारलं.

"मी," मान्यिएल पुटपुटला.

"तू? का?"

"छान दिसतं."

"काय?"

"छान दिसतं, डॉक्टर," मागून कुणीतरी पोरगी म्हणाली. "गाणं आहे त्याचं. गा की रे!"

"आता नको."

"एरवी तर थांबत नाहीस!"

मान्यिएलनं गायलं. लाजून, भरभर, घोड्यापर्यंत. केन्यींनी पुरं ऐकलं. मग ते शेणाच्या गोवऱ्यांच्या ढिगावर बसले आणि हसू लागले, इतके की मदतनीस घाबरला. "सात वर्षं मी लोकांना सांगत फिरलो," ते म्हणाले, "की काप असेल तर निर्धास्त राहा. आणि तुम्ही माझं ऐकलंत! माझंच चुकलं. माथियांग, माफ करा. तुमच्यावर संशय घ्यायला नको होता. तुमच्यासारखा सरळ माणूस या साऱ्या पाणथळीत नाही."

माझ्या जिभेवर अजून लोखंडाची चव होती.

"पण कागदावर मला हे मांडता येणार नाही," केन्यी उठले. "काप असलेलं जनावर कुणी हिशेबात धरणार नाही. मला कोरे कान पाहिजेत. आहेत का कुणाकडं?"

"नागडी वासरं कोण ठेवतं?" मान्यिएलला आता जरा धीर आला होता. "मामाच्या आमेरची एक आहे. आणि पलीकडं त्या आंधळ्या म्हाताऱ्याची दोन."

"आणा."

आमेरनं अकुएला आणलं. दोरीची गरज नव्हती, ती तिच्या मागोमाग चालते. केन्यींनी कान उचलला, आतून बघितला, बाहेरून बघितला. त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा! असा पाहिजे. हिच्यापासूनच सुरू करू." त्यांनी नळी काढली, सुई लावली, मानेची शीर अंगठ्यानं दाबली.

आमेर माझ्याकडं बघत होती. तिनं अकुएचं डोकं पोटाशी धरलं होतं. अगदी त्या दिवसासारखं.

मी मनात धावत होतो. कुपी मेलेली असेल तर? मग अकुएचं रक्त कोरंच आहे, बोलून मी फक्त माझंच नाव घालवीन. आणि जिवंत असेल तर? मग हिच्या रक्तात आठवण निघेल, केन्यी म्हणतील, या तळावर बुळकांडी येऊन गेलीय, आणि साऱ्या मुलखाला पुन्हा तीन वर्षं. मी जे केलं ते केलं होतं, की केलंच नव्हतं, हेच मला माहीत नव्हतं. खोटं न बोलताही माणूस एवढा अडकतो, हे कुणी मला चिंचेखाली शिकवलं नव्हतं.

सुई कातड्याला टेकली.

"थांबा," मी म्हणालो. "हिला टोचलंय. मी."

केन्यींचा अंगठा शिरेवर तसाच राहिला. "हिला?"

"हिला."

"पण हिचा कान कोरा आहे."

"हो."

"आणि त्यांचे कान कापलेत."

"त्यांना नाही टोचलं."

मागून अलुएलचा आवाज आला, "म्हणजे ज्यांच्या कानात आहे त्यांना नाही, आणि जिच्या कानात नाही तिला आहे. वा! सात वर्षांत हे शिकवलंत सगळ्यांना."

लुएथबाबा भाला टेकत जवळ आला. "तू पातं चाटलंस, माथियांग!"

"बाबा, मी कापलेल्या कानांची शपथ घेतली. त्यातल्या एकालाही मी टोचलं नाही. ते खरंच आहे."

म्हाताऱ्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "भाल्याला एवढं बारीक कळत असेल का?"

"मला नाही माहीत, बाबा."

"मलाही नाही माहीत," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग कमी, काळजीच जास्त होती.

मी केन्यींना सगळं सांगितलं. मूठ, माठ, ओली माती, गळणारे डोळे. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काप का नाही दिलात? दिला असता तर निदान मला कळलं असतं."

"लाज वाटली."

"आणि आज का सांगितलंत? मी तर तुमच्यावर विश्वास ठेवलाच होता."

"म्हणूनच अवघड झालं," मी म्हणालो. हे बरोबर होतं का, ते कळलं नाही.

केन्यी थोडं लांब जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडं. परत आले तेव्हा मदतनिसाला म्हणाले, "सगळ्यांचं रक्त घे. काप असो, नसो. ज्यानं न विचारता हे सांगितलं, तो बाकीच्यांबद्दल खोटं बोलला नसणार. ते मी माझ्या सहीनं लिहीन." आणि अकुएच्या नळीला त्यांनी स्वतः लाल दोरा बांधला.

"नेणार का तिला?" आमेरनं विचारलं.

"नाही गं. तिचं थोडं रक्त फक्त."

"मेलेली असेल ना ती कुपी?" मी हळूच विचारलं.

"अडीच महिने? इथल्या उन्हात? मेलेलीच असणार," केन्यी म्हणाले. मग माठाखालची ओली माती आठवली असावी, कारण त्यांनी भुवई वर केली आणि नळ्या मोजायला घेतल्या.

त्या पावसाळ्यात लुएथबाबा रोज सकाळी माझ्या झोपडीवरून जायचा. 'कसा आहेस' म्हणून विचारायचा. मी मरतो की नाही, ते त्याला बघायचं होतं. मी मेलो नाही. तो जरा गोंधळला, पण मला वाटतं, त्याला आनंदही झाला. लोक मला टाळत नव्हते आणि जवळही बोलवत नव्हते. मान्यिएल तेवढा येऊन बसायचा. "मामा, माझ्यामुळं झालं का रे सगळं?" "नाही." "मग तुझ्यामुळं?" "तेच अजून ठरायचंय." रक्त कुठल्याशा लांबच्या शहरात काचेत बसलं होतं, आणि मी काय केलं होतं ते तिथं कुणीतरी अनोळखी माणूस ठरवणार होता.

पाऊस ओसरला, गुरं पुन्हा नदीकाठी उतरली, तेव्हा केन्यी कागद घेऊन आले. पायात चिखल, तोंडावर काहीच नाही. मी उभाच राहिलो.

"ऐंशी नळ्या," ते म्हणाले. "एकोणऐंशी गप्प. बोलली फक्त लाल दोऱ्याची."

"म्हणजे कुपी जिवंत होती."

"चांगली टुणटुणीत. तुमच्या माठानं सांभाळली."

"मग आता? तीन वर्षं?"

"नाही. तुम्ही सांगितलं नसतं, तर हो. कोऱ्या कानाची, टोचणं बंद झाल्यावर जन्मलेली कालवड, आणि तिच्या रक्तात आठवण. मी काय म्हणालो असतो? रोग इथं येऊन गेलाय, असंच. साऱ्या मुलखाला थांबावं लागलं असतं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. मला वाचता येत नाही, पण ते दाखवत होते म्हणून मी बघितलं. "इथं लिहिलंय : ही आठवण रोगाची नाही, माथियांगच्या हातची आहे. साक्ष, खुद्द माथियांग."

बाया ओरडू लागल्या, कुणीतरी ढोल बडवायला घेतला, लुएथबाबानं माझ्या डोक्यावर पाणी थुंकून आशीर्वाद दिला. सगळे मला मिठी मारत होते. आणि मला समजेना, हे कशासाठी. गुन्हा मी केला होता. तो केला नसता, तर कबूल करायलाही काही उरलं नसतं, आणि ऐंशीच्या ऐंशी गप्प राहिल्या असत्या. मी सगळ्यांना वाचवलं होतं, ते माझ्याचपासून.

गर्दी पांगल्यावर आमेर केन्यींना अकुएकडं घेऊन गेली. अकुए गाभण होती. केन्यींनी तिच्या कुशीवरून हात फिरवला.

"म्हणजे डॉक्टर, साऱ्या वासरांत हिलाच तेवढा तो रोग माहीत आहे?"

"हिच्या रक्ताला वाटतं, माहीत आहे."

"आणि हिच्या वासराला?"

"दुधातून थोडं उतरेल. पाच-सहा महिने राहील. मग त्याचं रक्त विसरेल."

"आणि त्याच्या वासराला?"

"त्याला कधी काही कळणारच नाही."

आमेरनं बोटानं अकुएच्या मानेवरची गोचीड काढली, चिरडली, हात गवताला पुसला. "बरं झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "झालं ना बा, बरं?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. समोर तळावर शिंगंच शिंगं होती, धुरात उभी, आणि प्रत्येक पाठीवर एकेक बगळा. त्यातल्या एकाही जनावराला बुळकांडीचं ते वर्ष माहीत नव्हतं.

"थांब जरा," मी म्हणालो. "विचार करून सांगतो."

केन्यी हसले. आमेर नाही हसली. ती थांबली.

अकुएला गोऱ्हा झाला, आईच्याच रंगाचा. आमेरनं मधूनमधून दोनतीनदा विचारलं, मग सोडून दिलं. मी अजून विचारच करतोय.